दगड कुठला, ते आधी सांगा

पाठ झाली का सात आश्चर्यं? म्हणा बघू एकदा. ताजमहाल, आग्रा. पेट्रा, जॉर्डन. कलोसियम, रोम. शाब्बास. चीनची भिंत कुणी गाळली? असू दे. कुणी बांधलं, कुठं बांधलं, कोणत्या साली बांधलं, सगळं घडाघडा येतंय. आता म्हातारा एकच प्रश्न विचारतो, तुमच्या पुस्तकात नसलेला. दगड कुठला?

बघा, सगळे गप्प. अरे, राजाचं नाव शेवटी येतं. आधी येतो दगड. राजानं हुकूम सोडला म्हणून काही दगड आपला स्वभाव सोडत नाही. तो जिथं मऊ असतो तिथं नक्षी होते, जिथं टणक असतो तिथं साध्या सरळ रेघा होतात, आणि जिथं नसतोच तिथं लांबून वाहून आणताना माणसांच्या पाठी मोडतात. हे मला कुठल्या मास्तरांनी शिकवलेलं नाही. माझा जन्म विहिरी पाडण्यात गेला. राजुरी, उंचखडक, बेल्हे, आळे, या पट्ट्यात यारी लावून खाली उतरलो तेव्हा जमिनीच्या पोटात काय काय असतं ते कळलं.

उद्या सकाळी ऊन आत उतरलं की मळ्यातल्या विहिरीच्या काठावर पालथं पडून खाली बघा. आजीला सांगू नका. सगळ्यात वर माती. तिच्याखाली मुरूम, त्याला टिकाव पुरतो. मग लागतो मांजऱ्या. राखाडी-जांभळट रंग, अंगभर भोकं, आणि त्या भोकांत पांढऱ्या गारा बसलेल्या. काही इतक्या चकचकीत की तुझी आत्या लहानपणी ओच्यात भरून न्यायची. त्याखाली काळा पाषाण. त्याच्यावर पहार मारली की खणकन वाजते आणि कोपरापर्यंत झिणझिण्या येतात. तिथं सुरुंगच लावावा लागतो. अन् मधेच कुठंतरी तांबडा पट्टा दिसेल, गेरूसारखा. कुठं वीतभर, कुठं पुरुषभर. तो संपला की पुन्हा मांजऱ्या, पुन्हा पाषाण. पाणी पाषाणात सापडत नाही. ते मांजऱ्यात सापडतं, फटीत सापडतं, नाहीतर दोन थर जिथं भेटतात तिथं झिरपतं. नवखा ठेकेदार पाषाणात पैसे घालवत बसतो.

हे थर आले कुठून? सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी या मुलखात जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या आणि त्यांतून लाव्हा बाहेर आला. चित्रात असतो तसा टोकाला धूर ओकणारा डोंगर डोळ्यांपुढं आणू नका. भेगांमधून उकळता रस बाहेर यायचा आणि सपाटीवर पसरत जायचा. एक लोट आला, थिजला. मग कधी शेकडो, कधी हजारो वर्षं शांतता. तेवढ्यात वरचा दगड कुजून माती व्हायची. मग पुढचा लोट त्या मातीवर यायचा आणि तिला भाजून काढायचा. तो तांबडा पट्टा म्हणजे ती भाजलेली माती. लोटाच्या वरच्या अंगाला वाफेचे नि वायूचे बुडबुडे अडकले, तो झाला मांजऱ्या. पुढं त्या पोकळ्यांत खनिजाचं पाणी मुरलं आणि गारा धरल्या. शास्त्रज्ञ त्यांतल्या पुष्कळ गारांना झिओलाइट म्हणतात. लोटाचा मधला भाग सावकाश निवला, घट्ट बसला, तो झाला काळा पाषाण. असे थरावर थर. सह्याद्रीत त्यांची जाडी किलोमीटरच्या वर भरते, आणि आजही सुमारे ५ लाख चौरस किलोमीटर मुलूख त्यांच्याखाली आहे. डायनोसॉर त्याच सुमाराला संपले. मेक्सिकोत पडलेल्या अशनीनं मारले की आपल्या लाव्ह्याच्या वायूंनी, यावर पंडित अजून भांडतायत. बहुतेकांचं बोट अशनीकडे आहे. आपला लाव्हा मात्र अगदीच निर्दोष सुटलेला नाही.

आता लेण्याद्रीला चला. यात्रेला गेलात तेव्हा तुम्ही गणपतीचं दर्शन घेतलं, माकडांनी प्रसाद पळवला आणि तुम्ही खाली आलात. वर कुणी पाहिलं? छताकडं म्हणतोय मी. गिरिजात्मज बसलाय ते सातवं लेणं. ती बौद्ध भिक्षूंची राहायची जागा होती, तीन बाजूंना त्यांच्या खोल्या आहेत, मध्ये दालन. दालन साधारण १७ मीटर लांब, १५ मीटर रुंद, आणि मध्ये एकही खांब नाही. वर अख्खा डोंगर, खाली सपाट छत, आणि आधाराला काही नाही. आज एवढं दालन बांधायचं तर इंजिनिअर आधी तुळयांचा हिशेब मांडेल.

छत टिकलं, कारण कोरणाऱ्यानं थर ओळखला होता. मांजऱ्यात एवढं सपाट छत काढलं असतं तर पावसाळ्यागणिक खपल्या पडल्या असत्या. गेरूच्या पट्ट्यात काढलं असतं तर पाण्यानं तो भुसभुशीत होऊन सगळंच खाली आलं असतं. डोंगराच्या अंगावरून लेण्यांची ओळ बघा, एका रेषेत आडवी जाते. जिथं घट्ट थर सापडला तिथंच ती माणसं कोरत गेली. कोरायची रीतही उलटी. आधी छत, मग हळूहळू खाली उतरत जमीन. पायाखालचा दगडच मचाण, निराळी परांची बांधायला नको. आपण विहीर पाडतो तीही वरूनच की. मी मागे एकदा अंदाज केला होता, या एका दालनातून किती दगड निघाला असेल. सुमारे अडीच हजार टन. दहा टनी ट्रकच्या अडीचशे खेपा, आणि सगळा छन्नी-हातोड्यानं. दोन हजार वर्षांपूर्वी ना सुरुंग होता, ना कॉम्प्रेसर.

जुन्नरभोवती अशी दोनशेहून अधिक कोरीव कामं आहेत. लेण्याद्री, मानमोडी, तुळजा, शिवनेरी. भारतात एकाच गावाभोवती इतकी लेणी दुसरीकडं नाहीत. तुळजा लेण्यात तर गोल चैत्य आहे, मधल्या स्तूपाभोवती बारा खांब. फार जुनं काम. जाल तेव्हा भिंतीवर नावं कोरू नका. बाण आणि बदाम कोरणारे तिथंही पोचलेत.

‘आबा, पण ही लेणी पांडवांनी एका रात्रीत कोरली ना?’

कोण म्हणालं? तुझी आजी म्हणाली असेल. म्हणू दे, तिच्या आजीनं तिला तसंच सांगितलं. मोठं काम दिसलं आणि करणारा माहीत नसला की माणूस एकतर पांडवांना बोलावतो नाहीतर राक्षसाला. जगभर हीच रीत आहे. उत्तर आयर्लंडात समुद्रकाठी सुमारे ४०,००० दगडी खांब एकमेकांना चिकटून उभे आहेत, बरेचसे सहा कोनांचे, वरून फरशी घातल्यासारखे. तिथले लोक सांगायचे, फिन मॅककूल नावाच्या राक्षसानं पलीकडच्या स्कॉटलंडातल्या वैऱ्याशी लढायला जायचं म्हणून ही वाट बांधली. दगड बघितला तर तो आपलाच भाऊबंद, काळा पाषाण, सुमारे ६ कोटी वर्षांचा. लाव्हा निवताना आकसतो. आकसला की तडकतो. आणि सगळीकडून सारखा आकसला तर तडे कोनांचे पडतात. वैशाखात आपल्या काळ्या रानाला भेगा पडतात, त्या नीट बघा. चिखल वाळून आकसतो, लाव्हा निवून आकसतो, तडकण्याचा कायदा दोघांना एकच. असे खांब बघायला आयर्लंडला जायला नको. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, ६० मीटर उंच, सरळ उभ्या खांबांचा डोंगर, माथ्यावर गावदेवीचं देऊळ. भोवती इमारतींची इतकी दाटी की जाणारा-येणारा मान वर करूनही बघत नाही. आयर्लंडवाले जगाला मिरवून दाखवतात आणि आपण त्याच्या पायथ्याशी पार्किंग करतो.

हां, तर लेण्यांचा खर्च कुणी केला? पांडवांनी नव्हे, हे तिथं लिहून ठेवलंय. ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत. कुणी खोली दिली, कुणी पाण्याची पोढी, म्हणजे टाकी, दिली, कुणी शेत लावून दिलं. आपल्या गावच्या देवळात पायरीवर देणगीदाराचं नाव असतं ना, तीच रीत. आणि त्या देणगीदारांत यवन आहेत. यवन म्हणजे ग्रीक किंवा त्या बाजूचे परदेशी. शिवनेरीच्या लेण्यात इरिल नावाच्या यवनानं दोन पोढ्या दिल्याचं लिहिलंय. चिट नावाच्यानं जेवणाचा मंडप दिला. मानमोडीला आणखी एकाचं नाव आहे, चंद. कुठला कोण माणूस, समुद्र ओलांडून आला, कल्याण-सोपाऱ्याच्या बंदरात उतरला, नाणेघाट चढला आणि आपल्या जुन्नरात पाण्याची टाकी कोरून देऊन गेला. धर्मशाळा बांधण्यापेक्षा पाणी देणं मोठं, हे त्याला इथल्या उन्हाळ्यानं शिकवलं असणार.

घाट चढलात की माथ्यावर डाव्या-उजव्या हाताला कातळच कातळ, मधून खिंड, आणि त्या खिंडीतल्या लेण्यात सातवाहनांच्या राणी नागनिकेचा लेख. कोणकोणते यज्ञ केले, दक्षिणा किती दिली, गाई किती, कार्षापण किती, सगळा हिशेब भिंतीवर. त्या हिशेबातले आकडे हे आपल्या आजच्या अंकांचे खापरपणजोबा. त्यात शून्य नाही, शंभराला वेगळी खूण, हजाराला वेगळी. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. मूर्ती गेल्या, नावं आणि पावलांच्या खुणा उरल्या. १८२८ मध्ये विल्यम साइक्स नावाच्या इंग्रजानं या लेखाची दखल घेतली तेव्हा बाहेरच्या पंडितांना त्याचा पत्ता लागला. आपल्याकडची गुरं राखणारी पोरं त्याच्या कैक पिढ्या आधीपासून तिथं पावसाला आडोसा घेत होती. बाहेरचा मोठा दगडी रांजण जकातीचा, असं सगळे सांगतात.

आता तुमचं पेट्रा घ्या. इरिलानं पोढ्या दिल्या त्याच सुमाराला, शे-दीडशे वर्षं इकडंतिकडं, अरबस्तानाच्या वाळवंटात नबाती नावाचे व्यापारी डोंगर कोरत होते. त्यांचीही वखार उंटांच्या वाटेवर, त्यांनाही पाण्याची भ्रांत, त्यांनीही कातळात टाकी नि पाट खोदले. आणि त्यांनीही वरून खालीच कोरलं. ‘खजिना’ म्हणतात त्या दर्शनी भिंतीची उंची सुमारे ४० मीटर. खांब, वेली, पुतळे, बघत राहावं. मग आपल्या लेण्यांचं तोंड इतकं साधं का? आपले कारागीर कमी पडले म्हणता? छे. त्यांचा दगड वालुकाश्म, छन्नी लागली की सुटणारा. लोहामुळं त्यावर गुलाबी-तांबडे पट्टे. आपला पाषाण छन्नीची धार खातो. पण हिशेब पुढं फिटतो. पेट्राची खालची नक्षी वारा, वाळू नि खारानं झिजत चाललीय, आणि आपल्याकडं नाणेघाटाच्या धो-धो पावसात दोन हजार वर्षांनी अक्षरं वाचता येतात. मला विचाराल तर मी आपलाच दगड घेईन. अर्थात मी पक्षपाती आहे.

पिरॅमिडची गोष्ट मात्र मला सगळ्यांत जास्त आवडते, कारण तिच्यात मुकादम आहे.

गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाचा, साडेचार हजार वर्षांपूर्वीचा. सुमारे २३ लाख दगड. मुळात १४६ मीटर उंच. दोन हजार वर्षांपूर्वी स्ट्रॅबो नावाचा ग्रीक प्रवासी तिथं गेला. पिरॅमिडपुढं दगडाच्या चिपांचे ढीग पडले होते आणि त्यांत मसुरीच्या डाळीसारख्या चकत्या. तिथल्या लोकांनी सांगितलं, मजुरांच्या जेवणातली उरलेली मसूर हो, तिचा दगड झाला. स्ट्रॅबो होता हुशार. त्यानं लिहून ठेवलं की माझ्या गावाकडच्या टेकडीतही असेच मसुरीसारखे खडे निघतात. म्हणजे तिथंही मजूर जेवले होते काय? झालं असं होतं की ४ ते ५ कोटी वर्षांपूर्वी तिथं उथळ, कोमट समुद्र होता. त्यात नम्युलाइट नावाचे जीव राहायचे, एकाच पेशीचे, पण कवच चकतीसारखं. मेले की तळाला साचायचे. कोट्यवधी कवचांचा थर दबून चुनखडीचा दगड झाला आणि त्या दगडाचा पिरॅमिड झाला. फारोचं थडगं बांधलंय कशानं, तर डोळ्यांना जेमतेम दिसणाऱ्यांपासून रुपयाएवढ्यांपर्यंतच्या जीवांच्या सांगाड्यांनी. आपल्या पाषाणात तुम्हाला एकही शिंपला सापडायचा नाही. आगीतून आलेल्या दगडात कोण राहणार?

आणि मुकादम असा. २०१३ मध्ये तांबड्या समुद्राच्या काठी फ्रेंच संशोधकांना पपायरसचे तुकडे सापडले. लिहिलेले पपायरस इतके जुने आजवर दुसरे मिळालेले नाहीत. त्यांत मेरर नावाच्या माणसाची रोजनिशी निघाली. खुफूच्या राज्याच्या शेवटच्या वर्षांतली. मेररच्या हाताखाली ४०-एक माणसांची टोळी. नाईल नदीच्या पलीकडं तुरा नावाची खाण, तिथला पांढराशुभ्र चुनखडक पिरॅमिडच्या बाहेरच्या अस्तराला लागायचा. मेररची टोळी तो दगड नावेत भरायची, नदीतून आणि पाटातून गिझाला आणून टाकायची, परत जायची. दहा दिवसांत दोन-तीन खेपा. आज तुऱ्यात दगड भरला, रात्री अमुक ठिकाणी मुक्काम, उद्या गिझा. असं रोजच्या रोज लिहिलेलं. राजाचा जयजयकार नाही, देवाचं स्तोत्र नाही. खेप कधी निघाली, कधी पोचली. माझ्या ट्रंकेत यारीवरच्या गड्यांच्या हजेरीच्या वह्या अजून आहेत. मेरर माझ्यासमोर आला असता तर आम्हाला बोलायला भाषा लागली नसती. पिरॅमिड परग्रहावरच्यांनी बांधला म्हणणाऱ्यांना ही रोजनिशी दाखवावी. परग्रहावरचा माणूस खेपा मोजत बसत नाही.

दगड वाहण्यावरून आठवलं. ताजमहालाचा संगमरवर राजस्थानातल्या मकराण्याचा. आग्र्यापासून साडेतीनशे-चारशे किलोमीटर. आत विटांचं काम, बाहेरून संगमरवर. संगमरवर म्हणजे मूळचा तोच चुनखडक, पण जमिनीच्या पोटात खोल दाबाखाली नि उष्णतेत सापडलेला. त्यात त्याचे कण पुन्हा जुळले, शिंपले-चकत्यांची ओळख पुसली आणि पांढरा, दाणेदार दगड झाला. पातळ तुकड्यातून उजेड थोडा आत शिरतो, म्हणून सकाळी, दुपारी, चांदण्यात तो वेगळा दिसतो.

पण ताजमहालाची गोष्ट आग्र्यात सुरू होत नाही, हे तुमच्या पुस्तकात आहे का? ती आपल्या दख्खनेत सुरू होते. शाहजहान निजामशाहीवर स्वारी करायला दक्षिणेत उतरला होता, मुक्काम बऱ्हाणपुरात, आपल्या रावेरच्या पलीकडं. तिथं जून १६३१ मध्ये मुमताज बाळंतपणात गेली. आग्र्याचं काम १६३२ ला सुरू झालं. आता हिशेब करा. शिवनेरीवर शिवबाचा जन्म १९ फेब्रुवारी १६३० चा. म्हणजे ताजमहालाचा पाया खणत होते तेव्हा महाराज दोन वर्षांचे. आणि त्याच दोन-तीन वर्षांत दख्खनेत नि गुजरातेत असा दुष्काळ पडला की गावंच्या गावं ओस पडली. शिवनेरी तेव्हा निजामशाहीचा किल्ला. त्याला तर भिंतही निसर्गानंच दिलेली. लाव्ह्याचे थर आडवे, म्हणून माथा सपाट. घट्ट थराचा कडा सरळ तुटतो, म्हणून बाजू उभ्या. माणसानं दरवाजे बांधले, जिथं कडा उतरता होता तिथं तट घातला आणि पाण्याची टाकी खोदली. २०२५ च्या जुलैत युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशात घेतले, त्यांत आपला शिवनेरी आहे. बातमी आली त्या दिवशी जुन्नरला पेढे वाटले असतील. त्या थराला कुणी हार घातला नसेल एवढंच.

‘मग पिसाचा मनोरा का कलला? तिथला दगड वाकडा होता का?’

दगड चांगला होता गं, पाया वाईट होता. ११७३ मध्ये काम सुरू केलं, तिसऱ्या मजल्यापर्यंत जाईतो मनोरा कलायला लागला. खाली नदीनं आणलेली चिकणमाती नि वाळू, एका बाजूला जास्त मऊ. काळ्या रानात मुरमापर्यंत पाया न नेता घर बांधलं की दोन पावसाळ्यांत भिंतीला तडा जातो, तुम्ही बघितलाय. पिसाचं नशीब असं की लढायांमुळं काम जवळजवळ शंभर वर्षं थांबलं. तेवढ्या काळात खालची माती दबून जरा घट्ट झाली. सलग बांधत गेले असते तर तो तेव्हाच कोसळला असता, असं इंजिनिअर सांगतात. १९९० मध्ये धोका वाढला म्हणून मनोरा लोकांना बंद केला. मग काय केलं? कललेल्या बाजूला टेकू लावले? नाही. उलट बाजूच्या पायाखालून थोडी थोडी माती तिरक्या भोकांतून काढली, घमेल्या-घमेल्यानं म्हणा. मनोरा आपणहून मागं सरकला, टोकाशी जवळजवळ अर्धा मीटर. २००१ मध्ये पुन्हा उघडला. पूर्ण सरळ केला असता तर बघायला कोण गेलं असतं?

आणि राहिलं कलोसियम. रोमन लोकांची हुशारी दगडापेक्षा राखेत. तिथं आसपास ज्वालामुखी. त्यांची राख चुन्यात कालवली की असा गिलावा होतो की पाण्याखालीसुद्धा घट्ट बसतो. त्यातून त्यांनी काँक्रीट केलं. कलोसियमचा पाया त्याचा, इसवी सन ८० मध्ये ते खुलं झालं. पुढं त्याच रोममध्ये पँथिऑनचा घुमट केला, ४३ मीटर रुंद, आत लोखंडाची एक सळई नाही, आणि आज १,९०० वर्षांनी उभा आहे. आपल्या गावची पाण्याची टाकी किती वर्षं टिकली ते मी बोलत नाही.

राख म्हटली की तुम्हाला वाटेल, ती तिकडं इटलीत. अरे, आपल्या उशाला आहे. इथून बोरी किती लांब? सायकलवर जाता. बोरीला कुकडीच्या काठी, नदीनं कापलेल्या दरडीत एक फिकट, पांढरट राखाडी थर आहे. बोटांत चोळला तर पिठासारखा, पण भिंगाखाली धरला तर काचेचे बारीक धारदार तुकडे. ती आपल्या लाव्ह्याची नव्हे. आपला लाव्हा ६ कोटींहून अधिक वर्षांपूर्वीच निवला, हे तर अगदी अलीकडचं प्रकरण. पुण्याच्या डेक्कन कॉलेजच्या मंडळींनी १९८० च्या दशकात तो थर अभ्यासाला घेतला. त्याच जागी आदिमानवाच्या दगडी हातकुऱ्हाडीही सापडल्या, त्यामुळं थराचं वय किती यावर मोठे वाद झाले. बहुतेकांचा कौल असा की राख आली इंडोनेशियातल्या सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीतून, सुमारे ७४,००० वर्षांपूर्वी. तिथून बोरी तीन हजार किलोमीटरहून लांब. तोबाचा डोंगर फुटून जो खड्डा पडला त्यात आज १०० किलोमीटर लांबीचं तळं आहे. त्याची राख वाऱ्यानं समुद्र ओलांडून भारतभर पडली, पावसानं ती कुकडीत वाहून आली आणि एका वळणाशी साचली. रोमला अशी राख मिळाली तर त्यांनी घुमट बांधला. बोरीची राख भांडी घासायला चांगली, असं आमच्या लहानपणी बायका म्हणायच्या. बघायला जाल तेव्हा पहार घेऊन जाऊ नका. चिमूटभर बघा आणि तिथंच टाका.

नदीचं काम पुढंही बघायचंय. कुकडी खाली निघोजला जाते, तिथं तिनं पाषाणात रांजणखळगे पाडलेत. पुराच्या भोवऱ्यात गोटे गरगरा फिरतात आणि कातळाला भोक पाडत जातात. आणि बेल्ह्याच्या पुढं, अणे घाटाच्या तोंडाशी गुळुंचवाडीला ओढ्यानं कातळाखालून वाट काढली, वर दगडाची कमान राहिली. ना राजा, ना ठेकेदार. नगरच्या एसटीतून किती वेळा तिच्या जवळून गेलात, खिडकीकडं कोण बसणार म्हणून भांडत.

काय रे, तू मघापासून गालात का हसतोयस?

‘आबा, आयफेल टॉवर! त्याचा दगड सांगा.’

वा रे गुलामा. पेचात धरलास म्हणतोस? आधी पाया घे. टॉवर १८८९ चा, चार पाय. त्यातले दोन सीन नदीच्या अंगाला, तिथं खणलं की पाणी. मग त्यांनी लोखंडी पेट्या पालथ्या खाली सोडल्या, आत दाबानं हवा भरली, त्या हवेनं पाणी बाहेर ढकललं आणि गडी नदीच्या पातळीच्या खाली कोरड्यात उभं राहून खणत गेले. मला विहिरीतलं पाणी उपसायला इंजिनं दिवसरात्र चालवावी लागायची, आणि तेव्हा हे सुचलं असतं तर निम्मं डिझेल वाचलं असतं. वर १८,०३८ तुकडे आणि २५ लाख रिवेट. सगळं लोखंड फ्रान्सच्या लॉरेन भागातल्या भट्टीचं. आणि लॉरेनचं लोखंड कशातून निघतं? तिथल्या तांबूस लोहदगडातून. तोही जुन्या समुद्राच्या तळाला साचलेला, पिरॅमिडच्या दगडापेक्षा कितीतरी आधीचा. वितळवला म्हणून काय तो दगड नव्हता का?

काढ वही. आयफेल टॉवर, पॅरिस, १८८९. पुढं लिही, दगड लॉरेनचा.